जिम लावा, पण मेडिक्लेम सोडून नव्हे

प्रश्न: राहायला जुळे सोलापूर, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत. वय 38, पगार 34,000. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. सात रस्त्याजवळची मोठी जिम तीन वर्षांचे 27,000 अधिक 18 टक्के जीएसटी सांगते, बिनव्याजी हप्त्यांवर. घरामागची साधी जिम महिन्याला 1,200 घेते. कोणती लावू? मेडिक्लेमचे 19,000 दहा दिवसांपूर्वी भरायचे होते. चार वर्षं भरले, क्लेम एकदाही नाही. यंदा ते सोडतो. बीपी गेलं की पुढच्या वर्षी नवी पॉलिसी स्वस्तात घेईन. बँकेत 25,000 आहेत.

उत्तर: जिमचं नंतर बोलू. आधी आजच 19,000 भरा.

वार्षिक हप्ता उशिरा भरायला 30 दिवसांची सवलतीची मुदत असते, त्यातले 20 उरलेत. तेवढ्यात भरलंत तर जुनी चार वर्षं जमेस राहतात. पैसे भरेपर्यंत मात्र संरक्षण शून्य, म्हणून उद्यावर ढकलू नका.

तुमचं बीपी पॉलिसी घेतल्यानंतर निघालं, म्हणजे या पॉलिसीत तो जुना आजार नाही. नव्या पॉलिसीत तो जुना आजारच ठरेल आणि त्यासंबंधीच्या खर्चाला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकेल. गोळी बंद झाली तरी फॉर्मवर सांगावंच लागतं. शिवाय सलग 60 महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘तुम्ही लपवलं होतं’ म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. तुमचे 48 झालेत, आणि आता पाटी कोरी करायला निघालात! वजन घटलं म्हणून हप्ता अर्ध्यावर येईल, ही आशाही सोडा. वाढत्या वयाबरोबर तो चढतच जातो.

आता जिम. 27,000 म्हणजे महिना 750, असं ते समजावतात. आठ महिन्यांत कंटाळलात तर तोच आकडा महिना 3,400 च्या घरात जातो. घरामागे आठ महिन्यांचे 9,600 होतात. साधारण दोन वर्षं नेमाने गेलात तरच मोठी जिम स्वस्त. आणि ‘बिनव्याजी हप्ता’ बहुतेकदा फायनान्स कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. जिमला कुलूप लागलं तरी हप्ता कापला जातो. जीएसटीही 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवर 5 टक्के आहे. 18 लावून तुमच्याकडून साडेतीन हजार जास्त मागतायत. (त्याच तारखेपासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या मेडिक्लेमवर जीएसटी नाही. 19,000 मध्ये तो धरला नाही ना, पाहून घ्या.)

घरामागची लावा, महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन. आधी एक दिवस, कामावरून येता त्याच वेळेला, जाऊन पाहा: मशीनसाठी किती थांबावं लागतं, शिकवणारा त्या वेळी असतो का, लाइट गेल्यावर पंखे चालतात का. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पंख्याविना कुणी टिकत नाही. जानेवारीतली गर्दी पाहून ठरवू नका, तेव्हा सगळ्याच जिमचा सिद्धेश्वराच्या जत्रेतला गड्डा झालेला असतो.

वजनं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि उचलताना श्वास रोखू नका. मेडिक्लेम भरून 6,000 उरतात. त्यातले 1,200 पहिल्या महिन्याचे, पुढचे पगारातून.