किट सोडायचं की नाही?

प्रिय मित्रा,

किट (धान्याचा तयार, घट्ट अर्क डब्यात आणि सोबत यीस्ट) सोडून थेट धान्यापासून बिअर करायला घ्यावी का, असं तू विचारलंस. आधी मला एक सांग, फर्मेंटरमध्ये बिअर आंबत असते तेव्हा तिचं तापमान किती असतं? आकडा सांगता येत नसेल तर मोठ्या भांड्यावर पैसे घालू नकोस, फर्मेंटर थंड ठेवायची सोय कर. बहुतेक एल यीस्ट (एल प्रकारची बिअर आंबवणारं) 18 ते 20 अंश सेल्सियसला नीट वागतं. 27 च्या घरात गेलं की बिअरला उग्र वास येतो आणि घशाला चटका बसतो. मग माल्ट (मोड आणून वाळवलेलं जव) तू स्वतः भरडलेलं असो की डब्यातलं, सुटका नाही.

किटच्या नावाने नाक मुरडणारे पुष्कळ भेटतील. खरं तर डबा जुना असला, सोबतचं यीस्ट जेमतेम असलं आणि वर किलोभर साखर ओतली की कोणतीही बिअर पाणचट, शिळी लागणारच. साखरेऐवजी माल्ट एक्स्ट्रॅक्टची, म्हणजे माल्टच्या अर्काची, पावडर घाल, यीस्टचं ताजं 11 ग्रॅमचं पाकीट वापर. पुढच्या खेपेला अर्धा किलो क्रिस्टल माल्ट (गोडसर चवीचं भाजलेलं माल्ट) भरडून 65-70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजव, गाळून घे आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) स्वतः उकळ. माझ्या मते चवीतली सगळ्यात मोठी उडी इथेच आहे, आणि ती कमी खर्चात पडते.

मग ऑल-ग्रेन, म्हणजे सगळी बिअर धान्यापासूनच, कशासाठी? हुकूम आपल्या हातात यावा म्हणून. भरड गरम पाण्यात पडते तेव्हा पाणी दुधट, पिठूळ दिसतं. तासाभराने तेच पाणी निवळतं, बोटाला चिकटतं, जिभेला गोड लागतं. स्टार्चची साखर तुझ्यासमोर होते. मॅश, म्हणजे गरम पाण्यातली ही भरड, 65 अंशांवर ठेवलास तर यीस्टला पचणारी साखर जास्त निघते आणि बिअर कोरडी होते. 69 वर ठेवलास तर तोंड भरणारी. किटमध्ये हा निर्णय कारखान्यात आधीच होऊन गेलेला असतो.

त्याची किंमत म्हणजे वेळ. पाच-सहा तास सहज जातात, त्यातला बराचसा धुण्या-पुसण्यात. 20 लिटरसाठी साधारण साडेचार किलो माल्ट लागतं, दर किलोमागे लिटरभर पाणी चोथ्यातच राहतं, आणि उकळताना आटतं ते वेगळं. तेवढं पाणी तुझ्या शेगडीवर खळाखळा उकळतं का, ते आधी नुसतं पाणी ठेवून बघ. (चोथा त्याच दिवशी बाहेर काढ, दुसऱ्या दिवशी घरात कुणी थांबणार नाही.)

हा खटाटोप वाचूनच हात शिवशिवत असतील तर कर. मित्रांसाठी चांगली बिअर हवी, एवढंच असेल तर एक्स्ट्रॅक्ट आणि भिजवलेलं धान्य पुरे, त्यात कमीपणा काही नाही.

करायचंच ठरवलंस तर निम्मी बॅच, 10 लिटरची, कापडी पिशवीत मॅश करून. साधा पेल एल (फिकट रंगाची एल) घे. पिल्सनर (अगदी फिकट) माल्टचं गाळलेलं गोड पाणी दीड तास उकळावं म्हणतात, ते नंतर बघू. भरड अशी हवी की दाणा फुटेल पण साल शाबूत राहील. पीठ झालं तर पिशवी तुंबते. आणि थर्मामीटर बर्फाच्या पाण्यात धरून शून्य दाखवतो का ते तपास, कारण दोन अंशांच्या फरकाने मॅशच बदलतो.

मॅशचं तापमान आणि हायड्रोमीटरचे (द्रवाची घनता मोजणारी नळी) आंबवण्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे मला पाठव, मग बोलू.

तुझा,
काका