कागदावर डबा नंबर आहे का, ते आधी बघा

तुमच्या पोस्टमधल्या 'एजंट म्हणतो, स्विस ट्रॅव्हल पास घेतला की ग्लेशियर एक्सप्रेस त्यातच आली' या वाक्यावर जरा थबकलो. (नवख्यांसाठी: ग्लेशियर एक्सप्रेस म्हणजे स्वित्झर्लंडमधली मोठ्या काचांची पर्यटक गाडी, आणि हा पास म्हणजे तिथल्या गाड्यांत चालणारं एकत्रित तिकीट.) हेच वाक्य 2018 साली एका एजंटाच्या ऑफिसात मला चहा पाजून ऐकवलं होतं. तुम्हीही सत्तरीच्या आई-बाबांना घेऊन झेरमाटहून सेंट मॉरिट्झला निघालाय, म्हणून जरा लांबलचक लिहितो. व्हिसा, विमा, स्वेटर वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला माहीत असेलच.

पासात भाडं येतं, जागा येत नाही. या गाडीला आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे पासवाल्यालाही वेगळे मोजावे लागतात. डेक्कन क्वीनला पासवाल्यांचा निराळा डबा असतो, तसलं तिथे काही नाही.

आमच्या एजंटाने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये चार पास आणि एक सुंदर छापील कार्यक्रम दिला होता. कार्यक्रमात 'ग्लेशियर एक्सप्रेस' ठळक अक्षरात. सकाळी झेरमाटच्या फलाटावर बाबांनी तो फोल्डर तिकीट तपासनिसाला दाखवला. तिने पास बघितले, मान डोलावली आणि विचारलं, डबा कुठला, जागा कुठली? आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. गाडी भरलेली होती. बाबा कार्यक्रमाच्या कागदावर बोट आपटत होते, ती शांतपणे नाही म्हणत होती. मोठ्या काचांच्या त्या डब्यांनी आमच्यासमोरून फलाट सोडला. आई म्हणाली, "जाऊ दे, पुढची येईल." जणू काही ठाण्याला उभे होतो.

परत आल्यावर त्या ऑफिसात गेलो. उत्तर काय, तर "सर, पास व्हॅलिड होता ना?" माणशी 4,500 रुपये 'सीनिक ट्रेन चार्जेस' म्हणून घेतले होते, ते कशाचे, हे आजपर्यंत कळलेलं नाही. तीन ईमेल केल्यावर 'प्रवास पूर्ण झाल्यामुळे परतावा देता येत नाही' असं एका ओळीत आलं. प्रवास पूर्ण झाला तो आमच्या पायांनी, पण असो.

तर एकच करा. एजंटाकडून आरक्षणाचा कागद हातात घ्या आणि त्यावर तारीख, डबा क्रमांक, आसन क्रमांक छापलाय का ते बघा. 'तिथे गेल्यावर मिळेल' म्हणाला तर उठा आणि गाडीच्या अधिकृत साइटवर स्वतः करा.

आता गंमत. त्याच रुळांवरून साध्या लाल गाड्याही धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही आणि पास चालतो. त्या तपासनिसानेच आम्हाला तिकडे पिटाळलं. ब्रिग, आंडरमाट, डिसेंटिस असं करत गाड्या बदलायच्या. तोच ओबरआल्प घाट, 2033 मीटरवरचा, चढासाठीचे तेच दातेरी रूळ, तीच ऱ्हाइन नदीची पांढऱ्या कड्यांची घळ. शिवाय काही डब्यांच्या खिडक्या खाली सरकतात. बाबांनी माथेरानच्या गाडीत बसल्यासारखं तोंड बाहेर काढलं. मोठ्या काचेतून फोटो काढले की त्यात आपलंच टक्कल दिसतं, असं नंतर एका मित्राने सांगितलं.

माझं वैयक्तिक मत (पटेलच असं नाही): नावात ग्लेशियर असलं तरी 1982 पासून ही गाडी फुरका खिंडीखालच्या 15 किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. रोन हिमनदी पूर्वी डब्यातून दिसायची, आता नाही. साध्या गाड्यांच्या आमच्या आठ तासांच्या प्रवासातही आंडरमाटनंतर आई चक्क झोपली. खरी मजा शेवटच्या टप्प्यात, कूर ते सेंट मॉरिट्झ. साध्या गाडीने दोनेक तास लागतात. कूरहून जाताना उजवीकडे बसा. फिलिझूरच्या आधी लांडवासर पूल येतो, 65 मीटर उंच, वळणदार, आणि पूल संपतो तो थेट कड्यातल्या बोगद्याच्या तोंडात. पुढे बर्गुन ते प्रेडा गाडी डोंगराच्या पोटात गोल फिरत चढते. तेच चर्च एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसतं. बाबांनी ते मोजायला घेतलं होतं, आकडा शेवटपर्यंत जुळला नाही.

सामानाचं मात्र मनावर घ्या. गाडी बदलायला कधी कधी पाच-सात मिनिटंच असतात आणि चार मोठ्या बॅगा घेऊन जिने चढणं म्हणजे शिक्षा. स्टेशनवरून स्टेशनवर सामान पाठवायची सोय आहे, साधारण दोन दिवस धरा आणि आई-बाबांची औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ग्लेशियर एक्सप्रेस बंद असते, तुमची तारीख तशी नाहीये ना? (मी एजंट नाही आणि माझा अनुभव जुना आहे. दर, वेळा स्वतः ताडून बघा.)

गाडीत शाकाहारी जेवण कसं असतं, असंही विचारलंय तुम्ही. ते मला विचारू नका. आम्ही आंडरमाटच्या फलाटावर बाकावर बसून आईने पुण्याहून आणलेल्या दशम्या खाल्ल्या.