घर विकून भाड्यानं द्यायला फ्लॅट घेताना कर कुठे लागतो, कुठे वाचतो

तुमचा प्रश्न असा : बडोद्यात दांडिया बाजारातलं आजोबांचं घर विकून तुमच्या वाट्याला ६० लाख येणार आहेत. त्यातून भायलीला भाड्यानं द्यायला ५० लाखांचा फ्लॅट घ्यायचाय. बिल्डरचा माणूस म्हणतोय, पैसे हातात ठेवा, कर्ज काढा, व्याजावर टॅक्स वाचतो.

तो सल्ला शिळा झालाय. जुन्या करप्रणालीत भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं, तर २ लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत होत नाही. फार तर भाड्यावरचा कर शून्यावर येईल, पगारावरचा एक रुपयाही कमी होणार नाही. मी सीए नाही, पण आमच्या घरच्या वाटणीत हे सगळे हिशोब मांडून बघितलेत.

तुमचा खरा कर आहे जुन्या घराच्या विक्रीवर. वडिलोपार्जित घराची खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ची बाजारभावाची किंमत धरता येते, अर्थात त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त नाही. समजा तुमच्या हिश्श्याची ती ८ लाख निघाली. नफा ५२ लाख, १२.५ टक्क्यांनी कर साडेसहा लाख. घर २३ जुलै २०२४च्या आधीचं असल्यामुळे महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे. २०२५-२६चा निर्देशांक ३७६, म्हणजे ८ लाखांचे ३०.०८ लाख झाले आणि कर सुमारे ५.९८ लाख. (सेस वेगळा.) सरकारमान्य व्हॅल्युअरकडून २००१चा दाखला आधी काढून घ्या, भावांनाही सांगा.

विक्रीनंतर २ वर्षांत तुम्ही घर विकत घेतलंत, तर हा कर लागत नाही. इथे ५० लाखांचा फ्लॅट, ४.९ टक्के मुद्रांक शुल्काचे २.४५ लाख आणि १ टक्का नोंदणीचे ५० हजार मिळून ५२.९५ लाख होतात. नफा ५२ लाखच आहे, म्हणजे अख्खी सूट बसते. फक्त तो फ्लॅट ३ वर्षं विकायचा नाही. रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत खरेदी झाली नाही, तर पैसे बँकेच्या कॅपिटल गेन्स खात्यात टाकावे लागतात. साध्या एफडीत ठेवलेत तर सूट गेली.

बाईच्या नावावर दस्तावेज केला की आपल्याकडे गुजरातमध्ये नोंदणी फी माफ असते, म्हणून अनेक जण बायकोच्या एकटीच्या नावावर घेतात. तुम्ही ते करू नका. विकणारे तुम्ही आणि घेणारी ती, असं झालं की सूट वादात सापडू शकते. ५० हजारांसाठी सहा लाख कशाला अडकवायचे?

फ्लॅट बी.यू. परमिशन (बांधकाम पूर्ण झाल्यावरचा वापर परवाना) आलेलाच बघा. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे अडीच लाख जास्तीचे. शिवाय व्यवहार ५० लाखांचा, म्हणून विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस (आधीच कापायचा कर) तुम्हीच कापून सरकारकडे भरायचा.

आता भाडं. महिना १४ हजार धरा, वर्षाचे १.६८ लाख. त्यातून ८ हजार वेरो (घरपट्टी) आणि मग ३० टक्के प्रमाणित वजावट गेली की १.१२ लाखांवर कर. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सुमारे ३५ हजार. हातात सव्वा लाख, म्हणजे ५३ लाखांवर जेमतेम २.४ टक्के, त्यातही सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा. नुसत्या भाड्यासाठी मी असा फ्लॅट घेतला नसता. भायलीत पुढे स्वतः राहायचं असेल, मुलांसाठी ठेवायचा असेल, तर जरूर घ्या. नाहीतर विक्रीवरचा कर वाचवायला विक्रीनंतर ६ महिन्यांच्या आत आरईसी किंवा पीएफसी या सरकारी कंपन्यांचे करबचत रोखे घेता येतात. मर्यादा ५० लाख, पैसे ५ वर्षं अडकतात, व्याजावर कर लागतो, पण भाडेकरूच्या मागे धावावं लागत नाही.

आणि बिल्डरनं जंत्रीइतक्याच (सरकारी दराच्या) किमतीचा दस्तावेज करून वरचे पैसे रोख मागितले तर सरळ उठा. ती रोख रक्कम ना आज करसवलतीत धरली जाते, ना उद्या विकताना खरेदी किमतीत.