‘पोरगी रोज रडून राहिली, परत बोलावून घेऊ का?’

दिवाळी आटोपून आठवडा झाला असेल. नागपूरच्या प्रतापनगर भागातील माझ्या समुपदेशन कक्षात पन्नाशीच्या एक बाई आल्या, मोबाइल टेबलावर पालथा ठेवून खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, पोरगी रोज रडून राहिली आहे. परत बोलावून घेऊ का?” त्यांची २३ वर्षांची मुलगी समाजकार्याची पदवी घेऊन सप्टेंबरच्या सुरुवातीला जर्मनीतील कासेल येथे, दिव्यांग प्रौढांच्या एका निवासी संस्थेत, वर्षभराच्या स्वयंसेवेसाठी गेली होती. अशा वर्षासाठी मुले पाठवणाऱ्या पालकांचा हाच प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, म्हणून दोघी मायलेकींच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

ज्या योजनेतून ती गेली, तिच्याविषयी थोडे आधी सांगणे आवश्यक आहे, कारण घरातील निम्मी भीती माहितीच्या अभावातून आलेली होती. जर्मनीत तरुणांनी एक वर्ष सामाजिक कामासाठी देण्याच्या पद्धतीला १९६४ पासून कायद्याचा आधार आहे. २०११ मध्ये तेथील सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली, आणि त्या सेवेऐवजी रुग्णालयांत व निवासी संस्थांत काम करणारे तरुण येणे थांबले, तेव्हा केंद्र सरकारची आणखी एक स्वयंसेवा योजना सुरू झाली. या योजनांत पगार नसतो. हातखर्च मिळतो, सामाजिक विमा असतो, बहुधा राहण्या-जेवण्याची सोय असते, वर्षभरात किमान २५ दिवसांचे प्रशिक्षण असते आणि अडचण सांगण्यासाठी एक मार्गदर्शक नेमलेला असतो. ही मार्गदर्शक व्यक्ती कोण, हे आईला ठाऊक नव्हते. मुलीला ठाऊक होते, परंतु पहिल्या दहा आठवड्यांत तिने तिच्याशी कामाखेरीज एक शब्दही बोललेला नव्हता. नातेवाइकांमध्ये मात्र ‘एवढे शिकवून पोरीला परदेशात फुकट राबायला पाठवले’ अशी चर्चा सुरू झाली होती, आणि हा ‘फुकट’ शब्द आईच्या मनात खोल रुतून बसला होता.

मी त्यांना विचारले, “ताई, ती रडते ते नेमके केव्हा?” त्या म्हणाल्या, “फोनवर.” फोन रोज रात्री साडेनऊला व्हायचा, म्हणजे तिकडे संध्याकाळी सहाला, कामाची पाळी संपवून मुलगी खोलीवर आल्याबरोबर. आईला दिवसातील पाऊण तासच दिसत होता, आणि तोही सर्वांत थकलेला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्यातील अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांचे होते. आईला हे कोणी सांगितलेले नव्हते. त्या रविवारी साडेनऊपासून साडेदहापर्यंत त्यांनी सात वेळा फोन लावला, संस्थेच्या क्रमांकासाठी कपाटातील सगळी फाइल जमिनीवर पसरली, आणि अखेर फोन लागला तेव्हा पहिल्यांदा आईच रडली. त्यानंतर मुलगी फोनवर रडू लागली ती रोजच. हे सांगताना त्यांचे त्यांनाच उमगले आणि त्या बराच वेळ गप्प राहिल्या.

पुढच्या शनिवारी मी मुलीशी व्हिडिओवर बोलले. खोली नीटनेटकी होती, खिडकीत जवसाच्या चटणीची बरणी होती आणि तिच्यामागे दुपारचे चार वाजण्याआधीच आकाश मावळतीला लागले होते. तिने घराची आठवण येते असे सांगितले नाही, थंडीची किंवा संध्याकाळच्या गार पाव-चीजच्या जेवणाची तक्रारही केली नाही. ती म्हणाली, “मॅडम, मी इथे काहीच कामाची नाही.”

हे वाक्य माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा आहे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीत ती दोनदा जाऊन आलेली होती. तेथे मे महिन्याच्या उन्हात घमेले उचलले की संध्याकाळी बांध किती पुढे सरकला हे डोळ्यांना दिसत असे, आणि तिच्या मनातील सेवेची कल्पना त्या बांधावर घडलेली होती. कासेलला तिला भांडी यंत्रात लावणे, कपड्यांच्या घड्या करणे, जेवणाची टेबले पुसणे, एवढेच सोपवले जात होते. नागपुरात जर्मन भाषेची बी-१ ही मध्यम पातळी तिने चांगल्या गुणांनी पूर्ण केली होती, तरी पाळी बदलताना कर्मचारी पंधरा मिनिटांत भराभर जे एकमेकांना सांगत, त्यातील तिसरा हिस्साही तिला कळत नसे. सगळे हसले की तीही हसे आणि नंतर खोलीवर जाऊन स्वतःचा राग राग करी. आपण मदत करायला आलो आणि आपल्यालाच सांभाळून घ्यावे लागते, ही लाज तिला पोखरत होती.

परक्या संस्कृतीत रुळण्याविषयीची एक आकृती अनेक पालक मला वाचून दाखवतात: आधी आनंद, मग घसरण, मग सावरणे. कॅलर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या लेखात हे टप्पे मांडले. त्याआधी १९५५ मध्ये समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवावरून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा वक्र सुचवला होता. पुढे मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांचा पोहोचल्यापासून पाठपुरावा केला, तेव्हा सुरुवातीचा आनंदाचा टप्पा दिसलाच नाही, उलट पहिले दिवसच सर्वाधिक कठीण ठरले. म्हणून ‘तिसऱ्या महिन्यात असेच होते, सहाव्यात ठीक होईल’ असे वेळापत्रक मी कोणालाही देत नाही. वॉर्ड यांनी केलेला एक भेद मात्र मला रोज उपयोगी पडतो. मन बरे असणे ही एक गोष्ट आहे आणि तेथील व्यवहार जमणे ही दुसरी. पहिलीला आधार लागतो, दुसरीला शिकवणी आणि सराव लागतो. आईची माया पहिलीला पुरी पडत होती. दुसरीकडे कोणाचे लक्षच गेलेले नव्हते.

स्वयंसेवकाच्या बाबतीत हा भेद अधिक जाचक होतो, असे माझे मत आहे. शिकायला गेलेल्या मुलाला परीक्षेचा निकाल मिळतो, नोकरीसाठी गेलेल्याला महिन्याचा पगार मिळतो, त्यामुळे वाईट दिवसांतही हाताशी काहीतरी मोजण्याजोगे राहते. स्वयंसेवकाने ‘मी उपयोगी पडलो’ या एकाच कमाईवर वर्ष काढायचे असते, आणि भाषा अपुरी असताना नेमकी तीच कमाई बंद असते. अशा मुलीला ‘खंबीर राहा’ म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला धीर धरायला सांगणे होय.

आम्ही ठरवले ते फार साधे होते. तिने मार्गदर्शक बाईंची वेळ मागून घेतली आणि जे मला मराठीत सांगितले तेच चार वाक्यांत लिहून नेऊन वाचून दाखवले: पाळी बदलतानाचे बोलणे मला कळत नाही, कोणीतरी नंतर पाच मिनिटे सावकाश सांगावे, आणि रोजचे एक काम पूर्णपणे माझ्यावर सोपवावे. हे मागणे तिला भिकेसारखे वाटत होते. आपल्या घरांत मोठ्यांनी न विचारता ओळखावे अशी सवय असते. तेथे न विचारणाऱ्याला सगळे ठीक आहे असे समजले जाते. मार्गदर्शक बाईंना खरोखरच आश्चर्य वाटले, कारण ही हसतमुख मुलगी रोज रडते याची त्यांना गंधवार्ताही नव्हती. दुसऱ्याच सोमवारपासून तिच्याकडे न्याहारीचे एक टेबल आले, त्यावर बसणाऱ्या चार जणांसह.

त्या चौघांत एक वयस्क बाई होत्या. त्या बोलत नसत. रोज सकाळी त्या ठरावीक कर्मचाऱ्यापुढे डावे मनगट धरीत आणि त्याने घड्याळाचा पट्टा बांधला की मगच पावाला हात लावीत. मुलीने बांधू पाहिले की हात मागे घेत. डिसेंबरच्या मध्याला त्या कर्मचाऱ्याची सुट्टी होती. बाईंनी खोलीभर पाहिले आणि मनगट हिच्यापुढे धरले. पट्टा कितव्या भोकात बसतो हे हिला दहा दिवसांच्या निरीक्षणाने ठाऊक झाले होते: तिसऱ्या. त्या रात्री तिने आईला एवढेच सांगितले आणि आईने मला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून ते जसेच्या तसे सांगितले.

आईबरोबरचे काम याहून अवघड होते. रोजचा फोन आठवड्यातून तीन दिवसांवर आणायचा आणि तोही मुलीच्या सुट्टीच्या दिवशी किंवा सकाळी करायचा, हे त्यांना शिक्षेसारखे वाटले. ‘जेवलीस का, रडलीस का’ या प्रश्नांऐवजी ‘आज कोणता नवीन शब्द कळला’ असे विचारायला त्या शिकल्या, आणि स्वतःच्या दिवसातील काही सांगायला हवे म्हणून सकाळी अंबाझरीला फिरायला जाऊ लागल्या. लेक गेल्यावर त्यांचे घर अचानक रिकामे झाले होते. ते दुःख मुलीच्या रडण्याआड दडलेले होते, आणि त्यावर बोलण्यातच आमच्या पुढच्या तीन भेटी गेल्या.

अंधाराचाही वाटा होता. डिसेंबरात नागपूरला जवळजवळ अकरा तासांचा दिवस असतो, कासेलला जेमतेम आठ तासांचा. म्हणून दुपारच्या मधल्या सुट्टीत वीस मिनिटे बाहेर चालणे आम्ही औषधासारखे ठरवून घेतले.

परत बोलवावे असे प्रसंग असतात, आणि ते मी आईला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले होते. झोप व जेवण दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेले राहिले, अंथरुणातून उठणे अशक्य वाटू लागले, जगण्यात अर्थ नाही असे बोल आले, तर वाट न पाहता तेथील डॉक्टर आणि मार्गदर्शक यांना गाठायचे, आणि तातडीची वेळ आली तर तेथे ११२ हा क्रमांक आहे. पासपोर्ट काढून घेतला, कामाचे तास ठरल्यापेक्षा बेसुमार वाढले, हातखर्च मिळेनासा झाला, तर तो रुळण्याचा प्रश्न राहत नाही, पिळवणुकीचा होतो, आणि तेथे मुलीला सोसायला सांगणे चुकीचे आहे. कामाची संस्था बदलून घेण्याचा मार्गही असतो. व्हिसामुळे त्याला परवानगी लागते, पण परतणे आणि सोसणे यांच्यामध्ये ही वाट आहे, हे पालकांना माहीत असावे. या मुलीच्या बाबतीत यातील काहीही नव्हते.

फेब्रुवारीत ती तापाने आठ दिवस पडून होती आणि ‘मला यायचेच आहे’ असा निरोप पुन्हा आला. आईने या वेळी तिकिटाचे दर पाहिले, मला फोन केला नाही, आणि मुलीला म्हणाली, “बरी हो, मग तूच ठरव, पैसे ठेवले आहेत.” परतीची वाट मोकळी आहे हे कळल्यावर मुलगी थांबली.

ऑगस्टअखेर तिचे वर्ष पूर्ण होते. परतल्यावरही घसरण येते, हे गलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच दाखवले आहे, आणि घरच्यांना तीच सर्वांत अनपेक्षित असते. आईने स्वागतासाठी पस्तीस माणसांची यादी केली होती; ती आम्ही मिळून पहिल्या आठवड्यापुरती तीन माणसांवर आणली आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकराला मुलीने माझ्याकडची वेळ स्वतः घेऊन ठेवली आहे.