लिनक्स फोन (अँड्रॉइडऐवजी संगणकावरचं लिनक्स चालवणारा) मॉनिटरला जोडला की पीसी होईल, असं खरंच कधी घडेल का?

घडतंय की! फक्त रोजच्या वापराला पुरेल इतकं नाही.

कल्पना जुनीच. २०१३ मध्ये उबुंटू लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने 'उबुंटू एज' या अशाच फोनसाठी लोकांकडे ३.२ कोटी डॉलर मागितले, जमले सव्वा कोटीच्या आसपास. फोन आलाच नाही. २०१७ मध्ये कंपनीने फोनचा नादच सोडला. तिची फोनसाठीची प्रणाली, उबुंटू टच, मात्र यूबीपोर्ट्स या हौशी गटाच्या मंडळींनी जिवंत ठेवलीय. पाइनफोन या लिनक्स फोनला मॉनिटर-कीबोर्ड जोडून लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) चालतं, पण त्यातला ऑलविनर ए६४ प्रोसेसर इतका अशक्त की ब्राउझर उघडला की धाप लागते.

खरी अडचण डेस्कटॉपची नाहीच, ती चिप आणि मॉडेमच्या बंदिस्त ड्रायव्हरांची, म्हणजे ते भाग चालवणाऱ्या पण कंपन्यांनी खुल्या न केलेल्या सॉफ्टवेअरची आहे. आपल्याकडे तर जास्तच. जिओवर २जी-३जी नाही, म्हणजे व्होल्टी (४जीवरून कॉल करायची सोय) चाललं नाही तर साधा कॉलसुद्धा लागत नाही. वर यूपीआय! वेड्रॉइड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिनक्स फोनवरही अँड्रॉइड ॲप्स चालतात, पण बँकांची ॲप्स बऱ्याचदा नकार देतात. भाजीवाल्याला पैसे देता येत नसतील तर तो फोन खिशात ठेवून करायचं काय?

म्हणून माझा अंदाज असा, की ही सोय सामान्य माणसापर्यंत अँड्रॉइडच्याच वाटेने पोचेल. फोन मॉनिटरला जोडून पीसीसारखा वापरायची सॅमसंगची सोय, डेक्स, २०१७ पासून आहे, आणि २०२५ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनांवर लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणारं लिनक्स टर्मिनलही आलं.

हौस असेल तर जुना वनप्लस ६ घेऊन त्यावर पोस्टमार्केटओएस हे फोनसाठीचं लिनक्स टाका. मात्र त्याच्या यूएसबी पोर्टातून मॉनिटरला थेट चित्र जात नाही, हे आधीच सांगतो.