अकाउंट्स घेऊ का? आधी ही तेरीज जुळवून बघ

"ताई, दहावी झाली. गणितात 58 गुण आहेत. कॉमर्सला जायचं मनात आहे, पण मैत्रिणी म्हणतात, अकाउंट्सला गणित पक्कं लागतं. दादा म्हणतो, हल्ली टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरच सगळं करतं, शिकून उपयोग काय? बाबांचं छोटं किराणा दुकान आहे. घेऊ का हा विषय?"

अगं, अकाउंट्समध्ये बीजगणित नाही, भूमिती नाही. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, गुणोत्तर आणि महिन्यांचा हिशेब, एवढंच. 30,000 चा फ्रीज 1 ऑक्टोबरला घेतला, घसारा, म्हणजे वापराने घटणारी किंमत, वर्षाला 10 टक्के, तर 31 मार्चपर्यंत सहा महिन्यांचे 1,500. हे जमतंय ना? मग गणितावरून माघार घेऊ नकोस. कस लागतो तो चिकाटीचा. तो आत्ताच, प्रवेशाआधी लावून बघ.

बाबांच्या दुकानासारखे सहा व्यवहार घे. दुकानात 20,000 रोख भांडवल घातलं. 8,000 चा माल रोखीने आणला. 4,000 ची रोख विक्री झाली. 1,500 चा माल शेजारच्या काकूंनी उधारीवर नेला. वीजबिल 600 रोख भरलं. गल्ल्यातून घरखर्चाला 1,000 काढले. प्रत्येक व्यवहाराला दोन खाती शोध, एक नावे (डावी बाजू), एक जमा (उजवी बाजू). मग प्रत्येक खात्याची शिल्लक काढून दोन बाजूंना मांड. हीच तेरीज.

नावे बाजूला रोख 14,400, खरेदी 8,000, काकू 1,500, वीज 600, उचल (घरखर्चाला काढलेले) 1,000. जमा बाजूला भांडवल 20,000, विक्री 5,500. दोन्हीकडे 25,500 यायला हवेत.

बहुतेक जण इथे दोन ठिकाणी घसरतात. पैसे आले नाहीत म्हणून काकूंची उधारी लिहीतच नाहीत, आणि घरखर्चाचे 1,000 दुकानाच्या खर्चात घालतात. दुकान वेगळं, बाबा वेगळे, हे डोक्यात बसलं की उचल आपोआप समजते.

तेरीज जुळली नाही तर खोडून पुन्हा लिहू नकोस, फरक काढ. फरक 1,200 असेल तर त्याच्या निम्मी रक्कम, म्हणजे 600, चुकीच्या बाजूला गेली आहे का ते बघ. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोध: 1,500 चे 5,100 झाले की फरक 3,600 येतो. चूक सापडेपर्यंत बसावंसं वाटलं, तर बिनधास्त घे. अर्ध्या तासातच जीव कंटाळला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. तेव्हाही तसंच वाटलं तर दोन वर्षं हेच करायचंय याचा विचार कर.

दादाचंही खरं आहे, पण अर्धंच. टॅली बेरीज चुकत नाही. मात्र वीजबिल भाड्याच्या खात्यात टाकलंस तर तेरीज तरीही जुळते, कारण दोन्ही खाती नावेच. कुठलं खातं, हे ठरवणारी तूच.

अकरावीत रोजकीर्द (व्यवहारांची तारखेनुसार नोंद) आणि खतावणी (तीच नोंद खात्यांनुसार) पाठ करून पुढे गेलेली मुलं अंतिम लेख्यांत, म्हणजे वर्षाअखेरच्या नफा-तोटा आणि ताळेबंदात, अडकतात. तिथे प्रत्येक समायोजनाचे, म्हणजे वर्षाअखेरच्या जुळवाजुळवीच्या नोंदीचे, दोन परिणाम असतात. अखेरचा साठा व्यापारी खात्याच्या (खरेदी-विक्रीतला नफा काढणारं खातं) जमेला लिहायचा आणि ताळेबंदात मालमत्तेकडेही. एक राहिला की ताळेबंद हटून बसतो. बारावीत भागीदारी, ख्याती (धंद्याच्या नावलौकिकाची किंमत), भाग-वाटप (कंपनीचे शेअर देणं) हे सगळं त्याच रोजकीर्दीवर उभं आहे. म्हणून रविवारी वीस गणितं सोडवण्यापेक्षा रोज तीन सोडव, आणि उत्तर बघण्याआधी स्वतः जुळव.

मराठी माध्यमातून येऊन इंग्रजीत शिकणार असशील तर वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिही: रोजकीर्द-जर्नल, खतावणी-लेजर, तेरीज-ट्रायल बॅलन्स, नावे-डेबिट, जमा-क्रेडिट. पहिल्या महिन्यात मुलं इथेच गांगरतात आणि विषयच अवघड आहे असं धरून चालतात.

आता 58 गुणांचा प्रश्न खरा कुठे येतो ते सांगते. कॉमर्समध्ये गणित आणि चिटणीसाची कार्यपद्धती, म्हणजे एसपी, यांतून निवड असते. हा निर्णय अकाउंट्सपासून वेगळा ठेव. बीकॉम करायचं असेल तर एसपी घेऊन काही अडत नाही. सीए व्हायचं मनात असेल तर एसपी घेऊनही फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसता येतं, पण तिथल्या चार पेपरांपैकी एक 100 गुणांचा गणित-सांख्यिकी-तर्काचा असतो आणि प्रत्येक पेपरात किमान 40 लागतात. तो अभ्यास मग तुला बाहेरून करावा लागेल. अर्ज भरण्याआधी कॉलेजात दोन्ही विषय आहेत ना, एवढं विचारून घे.