दिवाळीच्या आधी एकदा, नंतर एकदा

प्रिय मित्रा,

बीडकडच्या शाळेतले तुझे फोटो पाहिले. उजेडाची जाण तुला आहे, पण सगळी पोरं तू उभ्यानं टिपलीस. ती बस्करपट्टीवर बसलेली, त्यामुळे प्रत्येकाची मान वर आणि नजर साहेबाकडे पाहावी तशी. खाली बस. मांडी घालून.

मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी आधी घे. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच राहू दे. परिपाठाला मागच्या रांगेत उभा राहा, प्रतिज्ञा म्हण, पोरांसोबत खिचडी खा. दुसऱ्या दिवशी ती तुला विसरून पाढे म्हणतील.

वर्गाचं दार हाच तुझा स्टुडिओ. मूल उंबऱ्याच्या आत दोन हातांवर, तोंड बाहेर, पाठीमागे वर्गातला अंधार. अंगणात फुफाट्यावर ऊन पडलेलं असतं, त्याचा उजेड चेहऱ्यावर येतो. उलट केलंस, म्हणजे मागे ऊन ठेवलंस, तर कॅमेरा त्या उन्हाला भुलून चेहरा काळा करतो. मोजमाप चेहऱ्यावरूनच घे.

माझी एक चूक सांगतो. एका पोराच्या शर्टाला बटणं नव्हती. तोच फोटो मी प्रदर्शनात मोठा करून लावला, वाहवाही मिळाली. पुढे प्रिंट द्यायला गावात गेलो, तर त्याची आई म्हणाली, "आधी सांगायचं ना, चांगला शर्ट घातला असता." तो फोटो मी नंतर कुठेच लावला नाही. तुझ्या निवडीतही असे दोन आहेत. काढून टाक.

आता मुख्य गोष्ट. तू सप्टेंबरात गेलास, तेव्हा वर्ग भरलेला होता. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही पोरं आईबापाबरोबर कारखान्याच्या भागात जातात, काही आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. परततात ती मार्च-एप्रिलच्या सुमारास. म्हणून जानेवारीत पुन्हा जा, त्याच जागी बस, तीच रांग टीप. रिकामी बस्करपट्टीही टीप. एका फेरीत ही शाळा तुला अर्धीच दिसली आहे.

पण त्याआधी, टोळ्या निघायच्या आत, प्रत्येकाचा 4 बाय 6 चा प्रिंट पोचव. मागे ज्याचं त्याला नाव लिहू दे, मगच लॅमिनेट कर. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, ओल फार असते.

तुझा,
काका